पोती छत्तीस ते चव्वेचाळीस

६ जानेवारी

पिंजऱ्यात जन्मलेल्या प्राण्याला आपलं काही हरवलंय हे कळत असेल का? मुलाखतीत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीच समोरच्या तिघांना विचारला, आणि उत्तर मला येत नाही हेही लगेच सांगून टाकलं. संचालक साहेब चष्मा पुसत राहिले. बाहेर येऊन मी आईला फोन केला की गेली ही पण नोकरी. आठ दिवसांनी पत्र आलं.

तर आजपासून मी प्राणिसंग्रहालयाच्या वानरघराची निरीक्षण-सहायक. राहायला चाऱ्याच्या कोठारावरची खोली मिळाली आहे. एक लोखंडी खाट, दार न लागणारं एक कपाट, आणि एक खिडकी, जिच्यातून वानरघराचं पत्र्याचं छप्पर आणि त्याखालच्या दालनाचा थोडा भाग दिसतो. खालून गाजरांचा आणि ओल्या गवताचा वास येतो. मला खोली फार आवडली.

घरात आलेला प्रत्येक कागद मी पाचवीत असल्यापासून मीच वाचते. विजेचं बिल, घरमालकाची नोटीस, आजोबांच्या एक्स-रेचा रिपोर्ट. शेजारच्या काकूही आपले कागद पदराखाली लपवून माझ्याकडेच आणायच्या. निघताना आई म्हणाली, आता आम्हाला वाचून कोण दाखवणार. वडील शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाले, फोटो काढून पाठवायचा, ग्रॅज्युएट पोरगी फोनवर काही नापास होत नाही.

इथे ओरांगउटान तीन. थोरली पस्तिशीची, भारदस्त, सगळ्यांकडे पाहुण्यांना पाणी द्यायचं की नाही हे ठरवत असल्यासारखी बघते. धाकटी तिच्या निम्म्या वयाची. दोघी सख्ख्या जावांसारख्या वागतात. एकमेकींवाचून करमत नाही आणि एकमेकींच्या वाट्याचं सफरचंद बघवत नाही. धाकटीचं पिल्लू दोन वर्षांचं. डोळ्यांवरून त्याचं नाव बटण.

१५ जानेवारी

वानरघराचे मुख्य रखवालदार साठीला टेकलेले आहेत. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मला वाटलं आधी कुठे शिक्षक असतील. ते म्हणाले, दुसरीतून पळून आलोय, सही सोडून काही लिहिता येत नाही. मास्तर हे नाव हजेरीमुळे पडलं.

हजेरी रोज सकाळी आठला होते. मास्तर जाळीपाशी स्टुलावर बसतात आणि एकेकीला पुढे बोलावतात. दोन टिचक्या मारल्या की उजवा हात जाळीला लावायचा. मग डावा. मग पाय, कान, शेवटी जीभ. प्रत्येक अवयवाला द्राक्षाचा एक मणी. त्यामुळे बेशुद्ध न करता, न घाबरवता रोज अंगाची तपासणी होते. थोरली तर मास्तरांनी टिचकी मारायच्या आधीच हात लावून ठेवते आणि कंटाळल्यासारखी दुसरीकडे बघते. बटण नुकता शिकतो आहे. उजवा हात मागितला की दोन्ही हात आणि एक पाय लावतो आणि तिन्हींचे मणी मागतो. मास्तर त्याला म्हणतात, अरे, मामाचं दुकान आहे का हे.

मी शेजारी उभी राहून नोंद करते. वानरघराच्या सगळ्या वह्या आता माझ्याकडे आल्या आहेत. हजेरीची, आहाराची, सफाईची. जबाबदारी मास्तरांची, त्यामुळे आठवड्याच्या शेवटी सही त्यांची. पहिल्या शनिवारी मी पान वाचून दाखवू लागले तर त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, पदवीधर, तू लिहिलंयस ना, मग मला काय ऐकवतेस. आधीचा कारकून लिहायचा तेव्हा मी ऐकून घ्यायचो, तो चहाचं बिलसुद्धा फुगवायचा. आणि सही केली. सही करताना त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर येते.

मला त्या दिवशी इतका अभिमान वाटला की मी आईला फोन करून सांगितलं.

२ फेब्रुवारी

थोरलीच्या कोपरांना आणि धाकटीच्या टाचांना घट्टे पडले आहेत. काँक्रीटची फरशी, रोज पाण्याने धुवायची, रोज ओली. यांच्या जातीने लाखो वर्षं पानांत आणि मातीत काढली. मी अकरा पानी प्रस्ताव लिहिला. आतल्या दालनात हातभर जाडीचा मातीचा थर, त्यावर पालापाचोळा, त्यात लपवलेलं खाणं, म्हणजे दिवसभर शोधायचं काम.

साहेबांना आवडला. सत्तावीस तारखेला देणगीदार येणार आहेत, त्या दिवशी उद्घाटनच करू म्हणाले. डॉक्टरबाईंनी, म्हणजे इथल्या पशुवैद्यांनी, एकच अट घातली. माती आत जाण्याआधी प्रत्येक पोतं वाफेच्या पिंपात चार तास ठेवायचं. मातीत काय काय जगतं ते सांगितलं तर तू चप्पलसुद्धा काढणार नाहीस, असं म्हणाल्या.

मास्तरांना माती नकोच होती. म्हणाले, फरशी कडक असली तरी तिच्यावर काय आहे ते दिसतं. मी त्यांना समजावलं. मी बराच वेळ समजावत होते, आता आठवलं तर थोडं भाषणासारखंच झालं. शेवटी ते म्हणाले, बरं बाई, तुझं शिक्षण, माझी पाठ. पोती मीच उचलणार ना.

२६ फेब्रुवारी

हे लिहून ठेवते. कुठेतरी खरं लिहिलेलं असावं.

चव्वेचाळीस पोती. पिंपात एका वेळी पाच बसतात. रोज एकच घाणा होतो, कारण तापवून पुन्हा निववायलाही वेळ लागतो. सात दिवसांत मास्तरांनी पस्तीस पोती काढली. मग त्यांच्या मुलीची वेळ भरली आणि ते चार दिवसांच्या रजेवर गेले. जाताना म्हणाले, नऊ राहिलीत, दोन घाणे, घाई करू नकोस.

काल गॅस संपला. नवा सिलिंडर परवाशिवाय नाही. उद्या उद्घाटन.

पस्तीस पोत्यांत दालनाचा एक कोपरा उघडा राहत होता. फक्त एक कोपरा. मी त्याच्याकडे पाहत बराच वेळ उभी होते. मग नऊही पोती ओढत नेली आणि ओतली. माती छान होती, काळी, भुसभुशीत, वास घ्यावासा वाटणारी. पोत्याच्या तोंडाची तार मनगटात घुसली, थोडं रक्त आलं, तसाच हात मातीत घालून मी थर सारखा केला.

मग वही. क्रमांक छत्तीस ते चव्वेचाळीस. वेळ. तापमानाच्या रकान्यात काय लिहावं कळेना. नव्वद फार गोल वाटलं. ब्याण्णव लिहिलं.

मास्तर आल्यावर त्यांना सांगणार आहे.

२७ फेब्रुवारी

बटण मातीत शिरला. आधी एक बोट, मग हात, मग डोकंच. वर आला तेव्हा नाकावर माती आणि चेहऱ्यावर असा भाव की हे इतके दिवस कुठे लपवलं होतं. धाकटी त्याच्यामागे गेली. थोरली तासभर कडेला बसून राहिली, मग त्याच कोपऱ्यात जाऊन आडवी झाली, कोपरं मातीत रोवून. देणगीदार टाळ्या वाजवत होते. साहेबांनी माझी ओळख करून दिली. मी रडले.

आईला फोटो पाठवला. वडील म्हणाले, माकड तुझ्यापेक्षा फोटोत चांगलं आलंय.

४ मार्च

मास्तर आजोबा झाले. पेढ्यांऐवजी सगळ्यांना केळी वाटली, थोरलीला दोन.

वही पुढे केली. सांगायचं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात ते नातीच्या नाकाबद्दल बोलू लागले. मग जीभ ओठाच्या कोपऱ्यात गेली, सही झाली. पुढच्या शनिवारी सांगू, तोवर काही होणार नाही, असं मी स्वतःला म्हटलं. आणि खरंच काही झालं नाही.

१२ एप्रिल

पाच आठवडे इथे काही लिहिलं नाही. सुखात माणूस रोजनिशी लिहीत नसावा. थोरलीचे घट्टे नरम पडले आहेत, मी मोजमापं घेतली आहेत, त्यावर एक लेख लिहिते आहे.

आज हजेरीला एक गंमत झाली. मास्तरांनी दोन टिचक्या मारल्या आणि थोरलीने डावा हात लावला. मी हसले, वहीत लिहिलं, खोडकरपणा. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पुन्हा टिचक्या मारल्या. थोरलीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं, जसं दुसऱ्या कोणाची वस्तू आपल्या मांडीवर ठेवलेली असावी तसं, आणि पुन्हा डावा लावला. मास्तरांनी तरी मणी दिला. मग उठून डॉक्टरबाईंना बोलवायला गेले. त्यांना इतक्या भरभर चालताना मी पहिल्यांदा पाहिलं.

१९ एप्रिल

थोरली गोल गोल चालते. डावीकडेच. मान एका खांद्यावर कललेली. भिंत आली की भिंतीला कपाळ लावून उभी राहते आणि पाय चालतच असतात.

डॉक्टरबाईंनी भूल देऊन रक्त घेतलं. रक्तात काही निघालं नाही. औषधं सुरू आहेत, पण कशावर ते त्यांनाही माहीत नाही, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

मास्तर घरी जात नाहीत. जाळीपाशी बसून तिला नाव घेऊन बोलावतात. ती आवाजाच्या उलट्या दिशेला बघते.

२८ एप्रिल

थोरली आज सकाळी हजेरीच्या वेळी गेली. मास्तरांनी टिचकी मारली होती. तिने जीभ दाखवली. ती आत गेलीच नाही.

१३ मे

शवविच्छेदनाचा अहवाल आला. डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना त्यांच्या खोलीत बसवून समजावून सांगितलं. मी मुद्दाम त्यांच्याच शब्दांत लिहिते आहे.

थोरलीच्या मेंदूत अमीबा होता. एका पेशीचा जीव, डोळ्याला न दिसणारा. मातीत राहतो, साचलेल्या पाण्यात राहतो. जखमेतून शिरतो किंवा धुळीबरोबर श्वासातून. कित्येक आठवडे, कधी महिने गप्प राहतो. मग मेंदूत पोचतो आणि तिथे मेंदू खातो. चिरून पाहिलं तेव्हा मेंदूला जागोजागी मऊ, काळपट डाग पडले होते, आतून कुजलेल्या फळासारखे. जिवंतपणी तो क्वचितच ओळखू येतो. ओळखला तरी औषधं फारशी चालत नाहीत, पण लवकर सुरू केली आणि मूळ बंद केलं, तर बाकीच्यांना वाचवता येईल. म्हणून आता मूळ शोधायचं.

आणि त्यांनी माझ्याकडे पाहून विचारलं, माती सगळी वाफवलेली होती ना.

मी हो म्हणाले नाही. मी म्हणाले, नोंद आहे.

वही आणली. त्यांनी पान उलटलं, ब्याण्णवच्या रकान्यावरून बोट फिरवलं आणि खाली मास्तरांची सही पाहिली. म्हणाल्या, मास्तरांची सही आहे म्हणजे प्रश्नच नाही, मग पाणी.

मास्तर शेजारीच बसले होते. त्यांनी मान डोलावली. त्यांना वाटलं, आपलं कौतुक झालं.

२० मे

छपरावरच्या टाकीच्या तळाशी गाळ निघाला. कुठल्याही टाकीत निघेल एवढाच. तिच्यात अमीबा सापडलेला नाही, पण साहेबांना देणगीदारांना काहीतरी सांगायचं आहे. टाकी दर सोमवारी मास्तर धुतात. एकतीस वर्षं धुतात. त्यांना निलंबित केलं.

ते सामान घ्यायला आले. स्टूल, डबा, आणि बटणचे केस विंचरायचा एक मोडका कंगवा. वाटलं होतं चिडतील. ते टाकीकडे बघत म्हणाले, हात म्हातारे झाले गं, एखादा कोपरा राहिला असेल माझ्याकडून.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. पण मला साहेबांचा चेहरा दिसला, मग आईचा, मग शेजारच्या काकू, हातात कागद घेऊन दारात उभ्या. मी खाली बघत राहिले.

जाताना ते म्हणाले, हजेरी आता तू घे. बटणला टाकीच्या पाण्यात खेळू देऊ नकोस. मातीत खेळू दे हवं तेवढं, निदान तेवढी जागा तरी आपण नीट केली आहे.

आपण, म्हणाले.

२९ मे

धाकटीची डावी पापणी खाली आली आहे.

औषधं सुरू झाली. टाकी नवी बसवली. पाणी उकळून देतो. डॉक्टरबाई रोज विचारतात, अजून कुठून, अजून कुठून. रात्रभर वाचत असतात, डोळे सुजलेले असतात. त्यांच्या टेबलावर वही उघडी पडलेली असते, पण मातीच्या पानावर नाही. ते पान त्यांनी तपासून बाजूला ठेवलं आहे.

बटण दिवसभर त्या कोपऱ्यात खणतो. माती डोक्यावर ओततो. मूठभर तोंडात घालतो आणि थुंकतो. मी खिडकीतून मोजते. आज चौदा वेळा.

फक्त एक वाक्य बोलायचं आहे. मी ते आरशासमोर बोलून पाहिलं. आरशासमोर येतं.

४ जून

मनगटावर तार लागली होती तिथे एक डाग आहे. लालसर, नाण्याएवढा. दुखत नाही, खाजत नाही, जात नाही. कधीपासून आहे ते आठवत नाही. मार्चमध्ये होता का?

डॉक्टरबाईंच्या टेबलावरच्या लेखात छायाचित्र होतं. माणसाच्या गुडघ्यावरचा तसाच डाग. खाली लिहिलं होतं, काही रुग्णांत मेंदूच्या लक्षणांच्या कित्येक महिने आधी.

लांब बाह्यांचा कुडता घालते आहे. डॉक्टरबाईंनी विचारलं, एवढ्या उकाड्यात? मी म्हटलं, डास.

एका खोट्याला सोबत लागते.

८ जून

स्वयंपाकघरात गाजरं कापताना हातातून ती खाली पडली. ती, जिने कापतात. दोन मिनिटं मला तिचं नाव आठवेना. मी तिच्याकडे बघत उभी. सफाईवाल्या मावशी म्हणाल्या, काय गं, सुरीची दृष्ट काढतेस का.

सुरी. सुरी सुरी सुरी. वहीत शंभर वेळा लिहून काढलं, शाळेतल्या शिक्षेसारखं.

झोप नाही म्हणून असेल. भीतीने असंही होतं. डोकं दुखतं ते उन्हाने.

११ जून

लिहावं की नाही —

आज धाकटी उठून बसली. चार दिवसांत पहिल्यांदा. मला बरं वाटलं, मी स्टूल जाळीपाशी ओढलं. टिचकी मारणार, तेवढ्यात तिनेच मारली. आतून. दोन टिचक्या.

मी हसले. वाटलं, खेळते आहे. तिने पुन्हा मारल्या आणि वाट पाहत राहिली, एक डोळा मिटलेला, एक माझ्यावर. अगदी मास्तर बघतात तसं, मान जराशी पुढे करून. मी हात जाळीला लावला.

ती हाताकडे बघत राहिली. मणी दिल्यासारखं काही केलं नाही. तिने पुन्हा दोन टिचक्या मारल्या.

तेव्हा मी पाहिलं. मी डावा लावला होता.

१२ जून

सकाळी आरशासमोर. उजवा हात. डावा. कान. जीभ सरळ आहे. सरळच आहे, मला वाटतं. आरशात उजवं डावं होतं, त्यामुळे नक्की —

धाकटी पुन्हा पडून आहे. काल खरंच टिचक्या मारल्या का? जाळीवर झटक्याने बोट आपटलं असेल. डॉक्टरबाई म्हणतात, झटके येणारच.

पण ती वाट पाहत होती.

१३ जून

दुपारी वानरघर तासभर बंद असतं. मी बादली आणि खोरं घेऊन आत गेले. कोणाला न सांगता त्या कोपऱ्यातली माती काढून टाकायची, मग सांगायचं कशाला. वाफेचं नाव नको, सहीचं नको. अशी मी आहे. आता तरी कळलं.

अकरा बादल्या काढल्या. बटणला वाटलं खेळ आहे. मी काढलेल्या बादलीतली माती तो ओंजळीने परत टाकत होता. मग बादलीतच बसला आणि माझ्या तोंडावर माती उडवली. मी ओरडले. आयुष्यात त्याच्यावर कोणी ओरडलं नसेल. तो आईकडे गेला आणि तिचा हात स्वतःच्या अंगावर ओढून घेतला. हात घसरून पडला. त्याने पुन्हा ओढला. पुन्हा पडला.

नऊ पोत्यांची माती कुठून सुरू होते आणि कुठे संपते हे आता सांगता येत नाही. त्यांनी सगळीकडे पसरली आहे.

१५ जून

धाकटी गेली.

बटण तिच्या केसांतून बोटं सोडवू देईना. डॉक्टरबाईंनी आणि मी मिळून एकेक बोट. मी एक बाजू धरली होती.

साहेब म्हणाले पिल्लू हलवू नका, ओळखीची जागा हवी त्याला. डॉक्टरबाईंनी मान हलवली, हो म्हणाल्या, मातीत रमतो, निदान ते तरी.

मी तिथेच उभी होते. दोन हात अंतरावर.

तो आता तिथेच झोपतो. अंगावर माती ओढून घेतो. तिचा हात घ्यायचा तशी.

१६ जून

पत्र लिहायला बसले. साहेबांना. तीन ओळी झाल्या आणि पुढचे शब्द — येतात, पण दुसरेच येतात. पोतं लिहायचं होतं, पाय लिहिलं. खोडलं. पुन्हा पाय.

डावा डोळा फडफडतो.

मला मरायची भीती वाटते हे खरं आहे. पण त्याहून जास्त याची, की ते माझं डोकं उघडून बघतील आणि त्यांना माती सापडेल आणि तेव्हा कळेल. आणि मास्तर म्हणतील, मला सांगायचं होतंस. आणि मी नसेन. किती सोपं जाईल मला ते. नुसतं गप्प पडून राहायचं, आणि तोवर बटण —

नाही.

१७ जून

हात जड आहे. आठवेल तसं लिहिते.

सकाळी वही घेतली, मास्तरांच्या घरी गेले. वाटेत दोनदा गल्ली चुकले. ते नातीला मांडीवर घेऊन बसले होते. बस म्हणाले, बारीक झालीस, खात नाहीस का. मी बसले नाही. म्हटलं, तुम्ही सही केलेलं पान वाचून दाखवायला आले.

वाचलं. छत्तीस ते चव्वेचाळीस, चार तास, ब्याण्णव. मग म्हटलं, हे मी लिहिलं आणि हे खोटं आहे.

ते नातीला आत देऊन आले. मग विचारलं, यातली माझी सही कुठली. मी बोट ठेवलं. सहीकडे बघत राहिले. मग म्हणाले, त्याला मातीत खेळू दे असं मी सांगितलं तुला. माझ्या तोंडाने सांगितलं.

शिव्या दिल्या असत्या तर —

चप्पल घातली, चल म्हणाले. रस्ता ओलांडताना त्यांनी कोपर धरलं माझं, मी डावीकडे जात होते.

साहेबांच्या खोलीत साडेदहा. साहेब, डॉक्टरबाई, मास्तर. सांगितलं. कच्ची नऊ, तारीख, कोणाच्या सांगण्यावरून नाही, मीच. आकडा मनाने घातला. तेरा मेला विचारलं तेव्हा माहीत होतं. हे चारदा सांगितलं, कारण पहिल्या तीनदा शब्द — त्यांना कळत नव्हतं मी काय म्हणते. चौथ्यांदा कळलं. डॉक्टरबाई उठल्या, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पळत सुटल्या. तसं माझ्याकडे कोणी पाहिलेलं नाही कधी. बाही वर केली, डाग दाखवला, तोवर त्या गेल्या होत्या.

साहेबांनी गाडी बोलावली आहे माझ्यासाठी. दवाखाना. आईला फोन कोणी — मी नको म्हटलं, मीच करते म्हटलं, मीच सांगणार. सांगितलं. सगळं. ती फक्त विचारत होती, तू जेवलीस का, तू जेवलीस का.

गाडी यायची आहे. माझ्या खोलीच्या खिडकीत बसले आहे. खाली माती काढतायत. सगळी. सहा माणसं, तोंडाला फडकी. मास्तर आत आहेत बटणपाशी. साहेब नको म्हणाले तरी गेले. बटण ओरडतोय, आपली जागा कुठे नेतायत म्हणून. उशीर झाला का, डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला विचारू नकोस, हजेरीत कळेल.

मास्तरांनी स्टूल मागवलं. बसले. मला इथून जाळी दिसत नाही, पाठ दिसते फक्त त्यांची. हात वर गेला.

दोन टिचक्या. ऐकू आल्या.

ओरडणं थांबलं. त्याने हात लावला असणार. मास्तर हलत नाहीत. मणी द्यायला हात पुढे — नाही, अजून नाही, ते नुसते बघतायत, कुठला हात, मास्तर, कुठला लाव